राजीनाम्याची वेळ

१९३२ सालच्या सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आपल्याला येरवड्यामुळे ठाऊक असतो. २४ तारखेला पुणे करारावर सह्या झाल्या, २६ तारखेला लंडनच्या सरकारने तो मान्य केला आणि त्याच दिवशी गांधीजींनी उपोषण सोडलं. इथवर आपण शाळेत शिकलेले असतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, करार मान्य करणाऱ्या त्याच सरकारातून लिबरल पक्षाचे मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले, हे मात्र आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं. त्यांच्यातली तीन नावं पहिल्या गोलमेज परिषदेच्या ब्रिटिश प्रतिनिधींच्या यादीत सापडतात : लॉर्ड लोथियन, सर रॉबर्ट हॅमिल्टन आणि आयझॅक फूट. लोथियन हे तर भारतातल्या मताधिकाराचा विचार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते, आणि त्या समितीवर बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते.

राजीनाम्यांचं कारण भारत नव्हतं, ओटावा होतं. त्या उन्हाळ्यात कॅनडातल्या ओटावा शहरात साम्राज्यातल्या देशांची परिषद भरली आणि परस्परांच्या मालाला सवलत, बाहेरच्या मालावर आयातकर, असे पाच वर्षांचे करार झाले. भारताच्याही नावाने एका करारावर सही झाली. मुक्त व्यापार हे लिबरलांचं ब्रीद. त्या ब्रीदावर मतं मागून निवडून आलेल्यांनी हे करार स्वीकारून मंत्रिपदावर बसून राहावं का, एवढाच प्रश्न होता. आयझॅक फूट यांनी उत्तर दिलं आणि पुढे त्याची किंमत मोजली. लोकप्रतिनिधीने कधी पद सोडावं, हा प्रश्न मला छळतो तेव्हा मी पुन्हापुन्हा या माणसाकडे येतो. ते फार मोठे नेते नव्हते. खाण खात्याचे मंत्री होते आणि त्या खात्याला मंत्रिमंडळात जागाही नव्हती. पण माझ्या प्रश्नाला अशीच माणसं उपयोगी पडतात. पंतप्रधानाच्या राजीनाम्यावर पुस्तकं लिहिली जातात. तालुक्याच्या जागेवरून निवडून आलेला माणूस शब्दाला जागला की नाही, याची नोंद ठेवायला फारसं कुणी नसतं.

त्यांचा मतदारसंघ बॉडमिन. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगणा समुद्रात लांबवर घुसलेला आहे, त्याचा हा पूर्वेकडचा भाग. टेमर नदी ओलांडली की पलीकडे डेव्हन आणि प्लिमथ शहर. फूट मूळचे प्लिमथचे. वडील सुतारकाम आणि बांधकाम करणारे. मुलाने चौदाव्या वर्षी शाळा सोडली, काही काळ लंडनला नौदल खात्यात नोकरी केली, मग परत येऊन वकिली शिकला, १९०२ मध्ये सॉलिसिटर झाला आणि पुढल्याच वर्षी भागीदारीत पेढी काढली. १९०७ पासून वीस वर्षं ते प्लिमथच्या नगरपालिकेवर होते. प्लिमथहून मतदारसंघात जायचं तर टेमरवर रस्त्याचा पूल नव्हता. तो १९६१ साली झाला. ब्रुनेल या अभियंत्याचा रेल्वेपूल होता, नाहीतर टॉरपॉइंटला किंवा सॉल्टॅशला नावेत बसायचं. टॉरपॉइंटची नाव तर साखळीवर चालायची : नदीच्या तळाशी या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी साखळ्या टाकलेल्या, आणि वाफेच्या इंजिनाने तीच साखळी ओढत ओढत नाव पुढे सरकायची. गाडी, घोडा, भाजीच्या टोपल्या, खासदार, सगळे एकाच फळीवर. १९२७ मध्ये ते नदी ओलांडून कॅलिंग्टनजवळच्या पेन्क्रेबार या घरी राहायला गेले आणि मतदारांचे शेजारीच झाले.

पण त्या भागात माणसाची खरी ओळख व्हायची ती चॅपलमध्ये. कॉर्नवॉल हा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा परगणा. पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली अठराव्या शतकात तिथे पुन्हापुन्हा गेले, उघड्या माळावर खाणकामगारांसमोर बोलले, आणि त्यांच्या पश्चात गावोगाव साधी, बिनशिखराची प्रार्थनाघरं उभी राहिली. त्यांना पुरेसे पगारी धर्मोपदेशक कधीच नव्हते. आठवडाभर शेती, दुकानदारी, शिक्षकी करायची आणि रविवारी दुसऱ्या गावी जाऊन प्रवचन द्यायचं, अशा साध्या माणसांवर हा सगळा व्याप चालायचा. त्यासाठी दर तिमाहीला एक तक्ता छापत. डावीकडे चॅपलांची नावं, वर रविवारच्या तारखा, आणि मधल्या चौकोनांत प्रवचनकाराचा क्रमांक. घरोघर हा तक्ता असायचा आणि येत्या रविवारी आपल्याकडे कोण येणार हे लहान पोरही सांगायचं. आयझॅक फूट असेच प्रवचनकार होते. खासदार झाले, मंत्री झाले, तरी होते.

हा तक्ता मला त्यांच्या राजकारणाची किल्ली वाटतो. निवडणुकीच्या सभेत दिलेला शब्द सभेबरोबर विरून जातो. पुढल्या निवडणुकीपर्यंत विचारायला कोण येतंय? पण जो माणूस मतांसाठी बोलला तोच पाच रविवारांनी त्याच बाकांसमोर सत्यवचनावर बोलायला उभा राहणार असेल, तर त्याची पंचाईत वेगळी असते. समोर बसलेल्यांना त्याचं म्हणणं आठवत असतं. ग्रामीण लिबरलाच्या जागेमागे पैसा नव्हता, कामगार संघटना नव्हती, जमीनदाराचा धाक तर मुळीच नव्हता. तो धाक हुजूर पक्षाकडे होता. याच्याकडे होता तो शब्द आणि शब्द लक्षात ठेवणारी माणसं.

मुक्त व्यापाराची गोष्टही तिथे अर्थशास्त्राची नव्हती. १८४६ पर्यंत इंग्लंडात बाहेरच्या धान्यावर कर होता, जमीनदारांचा भाव राखण्यासाठी. भाकरी महाग असण्याचे ते दिवस गरिबांच्या घरात आजी-आजोबांच्या तोंडून पुढे आले होते. कर लागला की पाव लहान होतो, ही साधी समजूत. कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणी एकोणिसाव्या शतकातच बसल्या, मग कथिलाचे भावही कोसळले, आणि तिथले खाणकामगार जगभर पांगले. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही ते होते. मागे राहिलेल्या घरांना पावाची किंमत कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यामुळे तिथल्या लिबरलाने मुक्त व्यापाराची शपथ घेतली म्हणजे गरिबाचा पाव लहान होऊ देणार नाही, असं वचन दिलं.

ही जागा त्यांना सहज मिळाली नाही. १९१० च्या जानेवारीत टॉटनेसला पडले. त्याच डिसेंबरात बॉडमिनला उभे राहिले आणि ४१ मतांनी पडले. १९१८ मध्ये पुन्हा बॉडमिन, पुन्हा पराभव. त्या वेळी पक्षाची शकलं झाली होती, लिबरल पंतप्रधान लॉइड जॉर्ज हुजूर पक्षाबरोबर सरकारात होते आणि त्यांच्या शिफारशीचं पत्र ज्याच्याकडे नाही त्या लिबरलाचा टिकाव लागणं अवघड होतं. १९१९ मध्ये प्लिमथ सटनची पोटनिवडणूक. समोर नॅन्सी ॲस्टर. त्या जिंकल्या आणि पार्लमेंटात आसनस्थ झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. फूट तिसरे आले, आणि पुढे दोघांची मैत्री झाली. दोघेही दारूबंदीचे कडवे कैवारी. अखेर १९२२ च्या फेब्रुवारीत बॉडमिनला पोटनिवडणूक लागली. आघाडी सरकारने एक मेजर जनरल उभा केला होता. फूट यांनी त्यांना हरवलं. बारा वर्षांत पाचव्या खेपेला यश आलं, तेव्हा वय बेचाळीस होतं.

१९२२ आणि २३ च्या सार्वत्रिक निवडणुकांत जागा राखली, २४ मध्ये गेली, २९ मध्ये परत मिळाली. २९ ची ती निवडणूक लिबरलांच्या जखमेवरची खपली आहे. कॉर्नवॉलच्या पाचही जागा त्यांनी जिंकल्या. देशभरात मात्र ५३ लाख मतं घेऊन हाती आल्या ५९ जागा. मजूर पक्षाला ८४ लाखांच्या आसपास मतं आणि २८७ जागा. म्हणजे मजूर पक्षाला एका जागेमागे सुमारे २९ हजार मतं लागली आणि लिबरलांना ९० हजार. सर्वांत जास्त मतं तो विजयी, ही पद्धत. तीच आपण पुढे घेतली आणि तीच आजही चालवतो. तिच्यात विखुरलेल्या पक्षाचा चुराडा होतो. लिबरल टिकले ते कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंडचा उत्तर भाग अशा कडेच्या मुलखात, जिथे मतं एकवटलेली होती आणि माणसं एकमेकांना ओळखत होती. ग्रामीण लिबरल म्हणजे जुन्या जमान्याचा उरलेला अवशेष, असं अनेक इतिहासकार लिहून जातात. मला ते पटत नाही. अवशेष म्हणून कुणी बारा वर्षं पडत पडत जागा जिंकत नाही.

मग १९३१ आलं. मंदी, पंचवीस लाखांच्या वर बेकार, पौंडावरचा विश्वास उडालेला. ऑगस्टमध्ये मजूर सरकार कोसळलं आणि सगळ्या पक्षांचं मिळून राष्ट्रीय सरकार झालं. लिबरल त्यात गेले. फूट यांना खाण खातं मिळालं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत सरकारने ५५४ जागा जिंकल्या, त्यांतल्या बहुसंख्य हुजूर पक्षाच्या. म्हणजे लिबरल ज्या घरात पाहुणे म्हणून गेले, तिथला यजमान आता एकटाच मालक झाला होता. त्यातच लिबरलांचे दोन तुकडे पडले. पक्षाचे नेते हर्बर्ट सॅम्युएल यांच्यामागे तेहेतीसच्या आसपास खासदार राहिले. सायमन कमिशनवाले जॉन सायमन यांच्यामागे जवळपास तितकेच, आणि त्यांना आयातकराचं वावडं नव्हतं.

डिसेंबरात परदेशी भाजीपाला आणि फुलांवर कर बसवण्याचा कायदा झाला. फेब्रुवारीत जवळजवळ सगळ्या परदेशी मालावर सरसकट दहा टक्के. आणि या दुसऱ्या कायद्याच्या वेळी, १९३२ च्या जानेवारीत, लिबरल मंत्र्यांनी जे केलं ते मला चुकीचं वाटतं. ते राजीनामे घेऊन गेले होते. पंतप्रधान आणि सहकाऱ्यांनी गळ घातली आणि तोडगा निघाला : मंत्रिमंडळात राहा, पण या एका प्रश्नावर सरकारविरुद्ध बोला, विरुद्ध मतही द्या. मतभेदाचा करार, असं त्याला नाव पडलं. ब्रिटनच्या राज्यपद्धतीत ही अभूतपूर्व गोष्ट होती. संकटाच्या काळात सरकार फुटू नये ही कळकळ खरी होती, हे मी मान्य करतो. पण ज्या मुद्द्यासाठी लोकांनी तुम्हाला निवडलं त्याच मुद्द्यावर तुम्ही सरकारात राहून हरायचं पत्करलंत, तर घरच्या चॅपलमध्ये काय सांगणार? ‘मी विरोधात मत दिलं’ हे सांगता येतं. ‘आणि तरीही त्याच टेबलावर बसलो’ हेही सांगावं लागतं.

आठ महिन्यांनी ओटावा आलं. आता मुद्दा आणखी पुढे गेला होता. करार पाच वर्षांचे होते. म्हणजे पुढचं पार्लमेंट लोकांनी वेगळ्या मताचं निवडून दिलं असतं तरी त्याचे हात बांधलेले राहणार होते. फूट यांच्यासारख्या माणसाला हे सहन होणं कठीण होतं. राजाविरुद्ध पार्लमेंटच्या बाजूने लढलेल्या क्रॉमवेलचे ते भक्त. माणूस ओळखायचा तर एकच प्रश्न विचारावा, असं ते म्हणत : मार्स्टन मूरच्या लढाईत आपले पूर्वज कुठल्या बाजूने लढले असते तर तुम्हाला आवडलं असतं, राजाच्या की पार्लमेंटच्या? १६४४ ची ती लढाई त्यांच्या मनात संपलेली नव्हती. २८ सप्टेंबरला ते बाहेर पडले. त्याच्या आठच दिवस आधी, २० तारखेला, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये इंग्लंडमधले तीन मोठे मेथडिस्ट पंथ एक झाले होते. त्यांच्यासारख्या माणसाच्या दृष्टीने त्या महिन्यातली मोठी बातमी कदाचित तीच असेल.

या राजीनाम्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा, की त्यांच्या मतदारांचं हित कशात होतं? टेमरच्या खोऱ्यात, कॅल्स्टॉकच्या उतारांवर, स्ट्रॉबेरी आणि डॅफोडिलच्या फुलांची शेती होती. पहाटे खुडलेली फुलं रेल्वेने लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारात जायची, आणि तिथे त्यांची गाठ परदेशातून आलेल्या मालाशी पडायची. परदेशी फुलांवर कर बसला तर या शेतकऱ्याला चार पैसे सुटणार, हे उघड होतं. मग त्याच्याच खासदाराने कराला विरोध करायचा? हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. पण एकाच मतदारसंघात फूल विकणारा असतो तसा पाव विकत घेणाराही असतो. लू बंदरातला कोळी, लिस्कर्डच्या बाजारातला मजूर, सॉल्टॅशचा रेल्वे कामगार यांना विकायला काही नव्हतं. त्यांना फक्त विकत घ्यायचं होतं. एका गटाचं हित ठसठशीत दिसतं, दुसऱ्याचं सगळीकडे पातळ पसरलेलं असतं. प्रतिनिधीने फक्त पहिल्याचं ऐकलं तर ती प्रतिनिधींची सभा राहत नाही, अडत्यांची पेढी होते. याच मुद्द्यावर त्याच्या दीडशे वर्षं आधी खासदार एडमंड बर्क यांनी ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचा रोष ओढवून घेतला होता. आयर्लंडवरची व्यापारबंधनं सैल करा म्हणून त्यांनी पार्लमेंटात बाजू घेतली, आणि १७८० मध्ये ब्रिस्टलची जागा गमावली. ब्रिस्टलही त्याच नैऋत्य इंग्लंडातलं.

दुसरा आक्षेप तत्त्वाचाच आहे : १९३२ मध्ये मुक्त व्यापार शिल्लक तरी कुठे होता? सगळं जग आपापल्या भिंती उंच करत होतं. खुद्द अर्थतज्ज्ञ केन्स, आयुष्यभराचे लिबरल, १९३१ च्या मार्चमध्ये महसुलासाठी आयातकर लावा असं लिहून चुकले होते. फूट यांची आर्थिक भूमिका कालबाह्य झाली असेल. मी अर्थतज्ज्ञ नाही आणि हा वाद इथे सोडवणारही नाही. पण केन्स यांनी मत बदललं ते स्वतःच्या नावाने, उघडपणे, लेख लिहून. ज्याला मत बदलायचं असेल त्याने मतदाराकडे जाऊन बदललं म्हणून सांगावं. त्यात काही लाज नाही. ज्याचं मत बदललेलं नाही पण खुर्ची सुटत नाही, त्याची गोष्ट वेगळी. धोरण बरोबर की चूक, हा एक प्रश्न. दिलेला शब्द कुणाच्या परवानगीने मोडला, हा दुसरा. आपण हे दोन्ही एकाच पोत्यात कोंबतो आणि मग ‘व्यवहारात तडजोड करावीच लागते’ असं म्हणून दुसऱ्या प्रश्नातून सुटका करून घेतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा, कारण तो आपल्याकडेही रोज ऐकू येतो : बाहेर पडून काय मिळणार? आत राहून काम होतं. या आक्षेपाला त्याच कॉर्नवॉलमधून दुसरा माणूस साक्षीला येतो. वॉल्टर रन्सिमन, सेंट आयव्ह्जचे खासदार, १९२९ च्या त्या पाच लिबरलांपैकी एक. मुक्त व्यापाराचे जुने, नावाजलेले पुरस्कर्ते. १९३१ मध्ये त्यांना व्यापारमंत्रिपद मिळालं, आणि ज्या करांविरुद्ध आयुष्यभर बोलले ते त्यांच्याच खात्याने राबवले. त्यांनी आत राहून काही करांची धार कमी केली असं त्यांचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण तो काही थोड्या मुदतीचा मुक्काम नव्हता. ते १९३७ पर्यंत मंत्री राहिले आणि मग व्हायकाउंट होऊन लॉर्डांच्या सभागृहात गेले. फूट यांची खाण खात्याची खुर्ची लगेच अर्नेस्ट ब्राउन यांच्याकडे गेली. तेही लिबरलांच्याच दुसऱ्या तुकड्यातले, आणि तेही रविवारी प्रवचनं देणारे, बाप्टिस्ट. शेजारच्या प्लिमथ डेव्हनपोर्टचे लिबरल खासदार लेस्ली होर-बेलिशा यांनाही त्याच फेरबदलात अर्थखात्यात बढती मिळाली. म्हणजे जागा रिकामी झाली की भरायला माणसं तयार असतात. ‘मी गेलो तर काम अडेल’ हे सहसा खरं नसतं. मंत्री गेला तर काम अडत नाही. त्याने शब्द पाळला एवढंच मागे राहतं.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. ते पुरते बाहेर पडले नाहीत. मंत्रिपदं सोडली, पण सॅम्युएल यांच्यासह हे सगळे सरकारी बाकांवरच बसून राहिले. पाठिंबा द्यायचा, टीकाही करायची. समोरच्या विरोधी बाकांवर ते गेले तेव्हा १९३३ चा नोव्हेंबर उजाडला होता. चौदा महिने! मतदाराने या चौदा महिन्यांचा काय अर्थ लावायचा? जानेवारीत न दिलेला राजीनामा सप्टेंबरात अर्धा दिला आणि पुढल्या वर्षीच्या नोव्हेंबरात पूर्ण केला. शब्द पाळायचा तर तो लोकांना दिसेल अशा घडीला, एका झटक्यात पाळावा लागतो. उशिरा दिलेल्या राजीनाम्याची रक्कम तीच राहते, पण तोवर लोकांचा विश्वास व्याजात गेलेला असतो. १९३५ च्या निवडणुकीत लिबरल देशभरात २१ जागांवर आले. सॅम्युएल पडले. आयझॅक फूट यांनी बॉडमिन गमावलं, आणि पुन्हा कधी ते पार्लमेंटात आले नाहीत.

या घाईगर्दीच्या वर्षांत त्यांनी भारतासाठी किती वेळ दिला, हे मराठी वाचकाला सांगायला हवं. १९३० च्या नोव्हेंबरात पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा लिबरलांचे चार प्रतिनिधी होते. रेडिंग माजी व्हाइसरॉय. लोथियन साम्राज्याच्या प्रश्नांचे अभ्यासक. हॅमिल्टन यांनी आफ्रिकेत न्यायाधीश म्हणून आयुष्य काढलेलं. चौथे कॅलिंग्टनचे हे वकील. भारताशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी मंत्रिपद सोडल्यानंतर १९३३ ते ३४ अशी दीड वर्षं ते भारताच्या नव्या घटनेचा विचार करणाऱ्या संयुक्त समितीवर बसले. त्याच समितीपुढे बाबासाहेबांनी चर्चिल यांची उलटतपासणी घेतली. १९३५ च्या ऑगस्टमध्ये भारत सरकार कायदा झाला आणि नोव्हेंबरमध्ये फूट पडले. बॉडमिनच्या मतदाराला त्या कायद्याचं काय देणंघेणं? कुणाही सल्लागाराने त्यांना सांगितलं असतं की बाबा, समितीत दिवस घालवू नकोस, लिस्कर्डच्या बाजारात हिंडत राहा. प्रतिनिधी हा फक्त आपल्या तालुक्याचा दूत नसतो, हे मानणारा माणूसच असा वेळ देऊ शकतो. मानणाऱ्यालाही तो परवडायला हवा. फूट यांची पेढी होती. मंत्रिपद गेलं म्हणून चूल विझणार नव्हती. १९११ पासून खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळत, आणि सात मुलांच्या घराला, पुस्तकांच्या त्या वेडाला ते पुरणारे नव्हते. पेन्क्रेबारच्या घरात जिन्यापासून माळ्यापर्यंत पुस्तकं होती. शेवटी तो संग्रह सत्तर हजारांच्या घरात गेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाने विकत घेतला. राजकारणाबाहेर स्वतःचा धंदा असणं ही राजीनाम्याची पूर्वअट आहे, असं मी म्हणेन. ज्याचं पोट, मुलांची लग्नं, गाड्या, माणसं, सगळं पदावर चालतं, त्याच्याकडून तत्त्वाची अपेक्षा करणं म्हणजे बुडणाऱ्याला हात सोड म्हणण्यासारखं आहे.

ही जुनी गोष्ट नाही. २०१० मध्ये त्याच पक्षाचे वारस, लिबरल डेमोक्रॅट, ५७ जागा घेऊन हुजूर पक्षाबरोबर सरकारात गेले. विद्यापीठाची फी वाढू देणार नाही, अशा लेखी हमीवर त्यांच्या उमेदवारांनी सह्या केल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात फी वाढली. एकवीस खासदारांनी विरोधात मतं दिली, मंत्री मात्र सरकारबरोबर राहिले, आणि पक्ष पाच वर्षं आघाडीत टिकून राहिला. २०१२ मध्ये पक्षनेत्यांनी जाहीर माफी मागितली. २०१५ ला ५७ च्या ८ जागा झाल्या. कॉर्नवॉलमधल्या सहापैकी तीन जागा त्यांच्याकडे होत्या. एकही राहिली नाही. तिथल्या लोकांना हे घडताना १९३१ आठवलं असेल का, मला माहीत नाही. तक्त्यात क्रमांक शोधणारी ती पिढी तोवर गेलेली होती.

आपल्याकडे राजीनामा हा शब्द फार स्वस्त झाला आहे. तो खिशात असतो, पक्षाध्यक्षांकडे सुपूर्द केलेला असतो, देऊ केलेला असतो. सभापतींच्या टेबलावर मात्र क्वचित पोचतो. पक्ष बदलणाऱ्याने आधी जागा सोडावी आणि नव्या चिन्हावर पुन्हा त्याच लोकांपुढे जावं, ही मागणी मला त्यामुळे कायद्याची वाटत नाही, साध्या शिष्टाचाराची वाटते. फूट यांनी पक्ष बदलला नव्हता, तरी ते ज्या-ज्या वेळी पडले त्या-त्या वेळी पुन्हा त्याच लोकांपुढे गेले.

१९३७ मध्ये रन्सिमन लॉर्डांच्या सभागृहात गेले आणि सेंट आयव्ह्जला पोटनिवडणूक लागली. आयझॅक फूट तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. राहून गेलेल्याच्या जागेवर सोडून गेलेला उभा राहिला. समोर सरकारबरोबर गेलेल्या लिबरल तुकड्याचा उमेदवार होता, नेव्हिल बीचमन. जूनच्या शेवटच्या दिवशी मतदान झालं आणि फूट २१० मतांनी हरले. १९४५ मध्ये ते टॅव्हिस्टॉकला शेवटचे उभे राहिले, तिथेही हरले. त्याच निवडणुकीत शेजारच्या डेव्हनपोर्टला त्यांच्या चौथ्या मुलाने, मायकेलने, होर-बेलिशा यांना हरवलं. मजूर पक्षाच्या तिकिटावर. आणि त्या हिवाळ्यात आयझॅक फूट, कुठल्याही सभागृहात जागा नसलेले, बाँबने उद्ध्वस्त झालेल्या प्लिमथचे लॉर्ड मेयर होते.